धाकटी जीप चालवायची

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आधी मला सांगून आला होता. ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण विसरलंही कुणी नव्हतं. मी तर नाहीच.

तो जनावरांचा डॉक्टर. घर पाथरी तालुक्यातलं, आमच्यातलंच. नोकरी मात्र लांब, वऱ्हाडच्याही वर, सातपुड्यातल्या चिखलदऱ्याला. तिथल्या गवळ्यांच्या म्हशी आणि कोरकू आदिवासींची गुरं त्याच्या हवाली. मला तेव्हा जिंतूरला प्राथमिक शाळेत नुकती नोकरी लागली होती. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तेही शिक्षक. देवगाव फाट्यापासून कोसभर आत त्यांची शाळा होती आणि तिथंच आमचं घर. दादांनी मला समोर बसवून विचारलं. मी म्हणाले, जंगलात राहायचं होतं तर एवढं शिकले कशाला? दादांनी परत विषय काढला नाही. पुढच्या वर्षी तहसिलीतल्या एका कारकुनाशी माझं लग्न झालं. माणूस शांत, सरळ. बदलीची फिकीर नाही, जिंतूर सोडायचं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

डॉक्टरांचं लग्न तोवर व्हायचंच होतं. त्या रानात पोरगी द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा दादांनी धाकटीला विचारलं. धाकटी मॅट्रिकला एकदा नापास झालेली. बैल अंगावर येईल म्हणून रस्त्याची कड न सोडणारी. माझ्या जुन्या साड्या नेसून मोठी झालेली. ती म्हणाली, "तुमाला ठीक वाटत असंल तर माजी ना न्हाई." गावच्या विहारापुढं मांडव पडला, वंदना झाली, जेवणं झाली आणि ती त्या डॉक्टराबरोबर निघून गेली. मी तिची कीव केली. चार बायकांत उभी राहून मोठ्यानं केली.

मग तिची पत्रं यायला लागली.

निळ्या आंतरदेशीय पत्रावर ती बारीक अक्षरात कडेपर्यंत लिहायची. दादा ते पत्र सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो की माझ्यासाठी पुन्हा वाचायचे. धुकं खिडकीतून स्वयंपाकघरात येतं आणि चुलीपुढची पाठ ओली होते. अंगणाच्या पलीकडं कॉफीची झाडं आहेत. सकाळी दार उघडलं तर समोर रानगवा उभा होता, एवढा मोठा की आधी दगडच वाटला. दादा वाचता वाचता थांबायचे आणि चष्म्यावरून आमच्याकडं बघायचे. पत्र माझ्या हातात आलं की मी आधी चुका बघायची. तिनं धुक्यातला उकार चुकवलेला असायचा. मला त्या चुकांचा आधार वाटायचा.

मोठा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. तिनं लिहिलं, अक्का, उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आणि दाजी या. माझा नवरा, म्हणजे तिचे दाजी, आयुष्यात औरंगाबादच्या पुढं गेला नव्हता. त्यानं पत्र दोनदा वाचलं आणि रजेचा अर्ज लिहून टाकला. मला जायचं नव्हतं असं मी म्हणत राहिले आणि नवी साडी मात्र काढून ठेवली. आमची मुलगी दोन वर्षांची होती. तिला मायजवळ गावी सोडलं. जिंतूरहून हिंगोली, वाशीम करत अकोल्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतवाड्याला उतरलो. अंगावर धुळीचा थर, ओठ फुटलेले.

स्टँडाबाहेर एक जुनी, टप नसलेली जीप उभी होती. डॉक्टरांच्या काकांनी कधीतरी लिलावात घेतलेली आणि पुतण्याला देऊन टाकलेली. डॉक्टर डावीकडच्या सीटवर बसले होते. चाकामागून माझी धाकटी बहीण उतरली.

ती बुटकी असल्यामुळं सीटवर घोंगडीची घडी टाकलेली होती. पायात कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत उन्हानं काळे. माझ्या पाया पडली, दाजींना जयभीम केला आणि आमची ट्रंक स्वतः उचलून मागं ठेवली. मला वाटलं आता डॉक्टर चालवतील. ते हँडल मारायला पुढं गेले. गाडी सुरू झाली तशी ती पुन्हा घोंगडीवर चढून बसली आणि म्हणाली, "अक्का, कांबीला धरून बस. वळणं लय हायेत."

घाट सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी. वळण आलं की ती एक पाय दाबायची, गिअर मागं ओढायची, पुन्हा दाबायची आणि जीप कण्हत वर चढायची. समोरून लाकडाचा ट्रक आला तेव्हा तिनं गाडी मागं घेतली. त्या अरुंद रस्त्यावर, दरीच्या बाजूला, मान वळवून, एका हातानं चाक फिरवत. मी डोळे मिटून घेतले. नवरा माझ्याशेजारी बसला होता. तो पुढं वाकून तिला म्हणाला, "काय चालवता हो तुमी." एवढंच. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. माझ्या कुठल्याच कामाला त्या माणसाच्या तोंडून असा सूर मी ऐकला नव्हता.

वर पोचलो तर हवा गार. मे महिन्यात तिनं आम्हाला पांघरायला रजया दिल्या.

पुढचे चार-पाच दिवस तिनं आम्हाला भरपूर फिरवलं. ते रान नुकतंच वाघांसाठी राखून ठेवलं होतं. नाक्यावर नाव लिहिलं की आत सोडायचे. नाक्यावरची माणसं तिला ओळखत होती, 'वहिनी' म्हणत होती. सकाळी ती आम्हाला सिपना नदीच्या काठानं नेई. सागाची पानं गळून गेलेली, चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. ती मध्येच गाडी बंद करून हात वर करायची आणि आम्ही गप्प बसायचो. मग झाडीत काहीतरी हलायचं. मला दिसेपर्यंत ते निघून गेलेलं असायचं. तिला आधी दिसायचं, मग डॉक्टरांना, मग माझ्या नवऱ्याला. मी "हो, दिसलं" म्हणायची.

एक दिवस भीमकुंडाकडं चालत गेलो, एक दिवस गाविलगडावर. माझ्या पायात शहाणपणानं घेतलेल्या नव्या चपला होत्या. गडाच्या पहिल्या दरवाज्यापर्यंतच टाचेला फोड आले. धाकटी पुढं गेली, परत आली, आपले बूट काढून मला द्यायला लागली. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "घाल की. मला सवय हाय." मी पुन्हा नको म्हणाले, तशी ती बूट हातात धरून अनवाणीच माझ्याबरोबर हळूहळू चालायला लागली. वाटेत कोरकू बायका भेटल्या. त्यांच्याशी ती त्यांच्या बोलीत बोलली, हसली, एकीच्या कडेवरच्या लेकराचा कान बघितला आणि काहीतरी सांगितलं. मॅट्रिक नापास झालेली माझी बहीण. मी शाळेत चौथीला सातपुडा शिकवत होते, नकाशावर काठी ठेवून. तिथं उभी राहून मला त्या डोंगराबद्दल सांगण्यासारखं एक वाक्य सुचेना.

संध्याकाळी डॉक्टर व्हरांड्यात कंदिलाची काच पुसत बसायचे आणि ती त्यांना दिवसभराचं सांगायची, जरी तेही दिवसभर बरोबरच असायचे. ते ऐकायचे. मध्येच विचारायचे, मग गाडी का थांबवली नाहीस? ती कारण सांगायची. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन भाकरी टाकायला घ्यायची. पाहुणी असून मी तिथं रोज भाकरी टाकल्या.

शेवटच्या आदल्या दिवशी पहाटे ती उठवायला आली. आत दूरपर्यंत जायचं ठरलं होतं. मी म्हणाले, डोकं दुखतंय, तुम्ही जा. मला वाटलं नवरा थांबेल. त्यानं माझ्या कपाळाला हात लावला, ताप नाही असं म्हणाला आणि बूट घातले. मला वाटलं निदान धाकटी तरी थांबेल. ती चहा झाकून ठेवून, उशाला पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मी जीपचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकत पडले. डोकं अजिबात दुखत नव्हतं.

ते दुपारी आले. आवाज फाटकापासूनच ऐकू येत होते. माझा नवरा सगळ्यात मोठ्यानं बोलत होता. त्यांनी अस्वलीण पाहिली होती. रस्ता ओलांडत होती आणि तिच्या पाठीवर दोन पिल्लं, केस धरून बसलेली. जीपपासून पंधरा-वीस पावलांवर. ती थांबली, त्यांच्याकडं बघितलं आणि निघून गेली. नवरा हे सांगताना स्वतः वाकून चालून दाखवत होता. धाकटी हसून हसून पायरीवर बसली. "दाजी, तुमी माजा खांदा एवढा दाबला की वळ उठला," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, तू पायजे व्हतीस."

मी म्हणाले, बरं झालं मी नव्हते, मला भीती वाटली असती. आणि आत गेले. त्या क्षणी मला धाकटीचा राग आला होता, तिच्या बुटांचा, तिच्या काळ्या हातांचा, माझ्या नवऱ्याचाही. हे सगळं माझं होऊ शकलं असतं आणि मी एका वाक्यात ते सोडून दिलं होतं. तिनं ते हिसकावलेलं नव्हतं. मी नको म्हटलेलं तिनं घेतलं होतं, माझ्या जुन्या साड्यांसारखंच.

परतीला ती पुन्हा परतवाड्यापर्यंत सोडायला आली. मायसाठी खवा दिला, दादांसाठी कॉफीच्या बिया. एस.टी.त बसल्यावर नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ. मी खिडकीकडं तोंड केलं.

मुलीला घ्यायला गावी गेलो. माय ज्वारी निवडत होती, शेजारी चुलती बसली होती. मायनं विचारलं, कशी हाय लेक? मी नीट सांगू शकले असते. घर चांगलं आहे, नवरा जीव लावतो, हवा गार आहे. सगळं खरंच होतं. मी म्हणाले, "बरी हाय. मोटार चालवती. दिवसभर त्या धक्क्यांच्या रस्त्यानं जीपमधी उडती. मंग तीन वर्षं झाली तरी पाळणा हलंना, तर नवल काय."

मायचे हात सुपात थांबले. चुलतीनं "अगं माय" म्हणून तोंडावर हात ठेवला. मला आत कुठंतरी गार वाटलं. तहान भागल्यासारखं.

त्या वाक्याचं पुढं काय झालं ते सांगायला वेळ लागत नाही. चुलतीचं माहेर पाथरीकडचं. महिन्याभरात गोष्ट डॉक्टरांच्या आईच्या कानावर गेली. ती म्हातारी बोचकं बांधून चिखलदऱ्याला जाऊन राहिली. सुनेनं गाडीला हात लावायचा नाही, उंच-सखल चालायचं नाही, दर पौर्णिमेला उपास धरायचा. मायनंही दादांकडून तसंच पत्र लिहवून घेतलं. धाकटीची पत्रं मग लहान झाली. आम्ही बरे आहोत, तुम्ही बरे असाल. अर्धा कागद कोरा. दादा एकदाच वाचायचे आणि घडी घालून ठेवायचे. पहिल्या दोन-तीन पत्रांना मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. आता ती माझ्यासारखीच घरात होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती माहेरी आली. मीही गेले होते. वाळलेली, गोरी झाली होती. हातांचा काळा रंग उतरला होता. आम्ही दोघी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. माय ओढ्यावर गेली होती. मग ती खाली बघतच म्हणाली,

"अक्का, मायला तू म्हणलीस न्हवं, जीपमुळं मला लेकरू व्हईना म्हणून?"

मी म्हणाले, सहज बोलले असेन.

"मला तुज्यावर राग न्हाई. फकस्त एक सांगती. पयल्याच साली माजं पोट गेलं. पाचवा महिना व्हता. तवा मी गाडीत बसलेली बी नव्हते, घरातच व्हते. मायला कळवू नका म्हणून मीच त्यांच्या पाया पडले. तिला सोसलं नसतं."

ती सांगत गेली, सावकाश, कुणा तिसऱ्याचं सांगावं तशी. त्यानंतर ती दोन महिने भिंतीकडं तोंड करून पडून असायची. जेवायची नाही, केस विंचरायची नाही. डॉक्टरांनी समजावलं नाही, रागावले नाहीत. एके दिवशी तिला उचलून जीपमध्ये ठेवली आणि म्हशी तपासायला जाताना बरोबर नेली. ती गाडीतच पडून राहिली. दुसऱ्या दिवशीही नेली. असं पंधरा दिवस. मग एका सपाट माळावर गाडी थांबवून तिला चाकामागं बसवलं, घोंगडी घडी करून खाली दिली आणि म्हणाले, आज तू मला घरी ने. ती रडत रडत क्लच दाबत होती आणि गाडी पुन्हा पुन्हा बंद पडत होती. ते प्रत्येक वेळी उतरून हँडल मारायचे आणि परत शेजारी येऊन बसायचे. घरी पोचायला अंधार पडला.

"मंग मला जरा भूक लागायला लागली," ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

मला लाज वाटली. इतकी की मान वर होईना. पण खरं लिहायचं तर तेवढंच वाटलं असं नाही. माझी मुलगी झाली तेव्हा मी तीन दिवस अडले होते. माझा नवरा रविवारी येऊन दारातून बघून गेला, सोमवारी कचेरी होती म्हणून. वाईट माणूस नव्हता तो, त्याला सुचलं नाही. आणि इथं कुणी पंधरा दिवस एका पडलेल्या बाईला उचलून गाडीत ठेवत होतं. तिचं दुःख ऐकताना मला तिचा हेवा वाटत होता. आपण कसल्या बाई आहोत, असं मनात आलं आणि तरी तो हेवा गेला नाही.

मी तिची माफी मागितली नाही. आमच्यात तसं मागायची पद्धत नव्हती. संध्याकाळी माय परत आली तेव्हा मी तिला परसात नेऊन सगळं सांगितलं, माझं वाक्य कशातून आलं तेही. तिनं फक्त विचारलं, "किती महिन्याचं व्हतं?" आणि भिंतीला टेकून बसली. उठली तेव्हा तिनं दादांना सांगितलं, उद्या पाथरीला जायचं.

दिवाळीला डॉक्टरांची आईही पाथरीकडं घरी आली होती. तिच्याशी माय काय बोलली ते मला नीट कळलं नाही. दादांना तिनं बाहेरच बसवलं होतं. दोघी बायका दोन तास आत होत्या. म्हातारी पुन्हा चिखलदऱ्याला गेली नाही आणि पुढच्या पत्रात धाकटीनं लिहिलं, गाडीचा पाटा तुटला होता तो बसवून घेतला, आता मीच चालवते. दादांनी ते पत्र दोनदा वाचलं. तिला पुढं दोन मुलं झाली. दोन्ही वेळा ती सातव्या महिन्यापर्यंत गाडी चालवत होती.

त्या दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात माय स्वतः चिखलदऱ्याला गेली. मी जाऊ शकले नाही. मला दिवस गेले होते आणि एवढा प्रवास नको असं सगळ्यांनी ठरवलं. माय पंधरा दिवस राहिली. परत आली ती नुसती बोलत आली. गल्लीतल्या बायका दुपारी गोळा व्हायच्या आणि ती खाटेवर मांडी घालून सांगायची. घाट कसा, दरी कशी, लेक गाडी मागं कशी घेते, गवळ्यांनी तिला उभ्या उभ्या वाटीभर खवा कसा दिला. वळण सांगताना ती दोन्ही हातांनी हवेत चाक फिरवायची. जन्मभर बैलगाडीत मागं तोंड करून बसलेली बाई.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ती एका शेजारणीला सांगत होती, "पुढच्याच शिटावर बसले मी. लेकीच्या बाजूला. मागं न्हाई बसले."

शेजारणीनं माझ्याकडं बघून विचारलं, तू बी गेली व्हतीस न्हवं, तू कुठं बसली व्हतीस? मी म्हणाले, मागं. आणि कप पुढं केले.